ठिपक्यांच्या पुस्तकातलं रिकामं पान

फायरमनच्या कोर्सची जाहिरात मी मोबाइलवर इतक्या वेळा वाचली होती की ती मला ओळीओळीने पाठ झाली होती. वय, शिक्षण, उंची, धावणं, पाठीवर वजन घेऊन चालणं. यातल्या बहुतेक गोष्टींची तयारी करता येत होती. उंची होती तेवढी पुरत होती. शेवटाकडची एक ओळ मात्र डोळ्यांची होती. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी नीट दिसलं पाहिजे आणि रंगांधळेपणा नसला पाहिजे. धावण्याचा सराव करता येतो, डोळ्यांचा काय करणार?

तरी मी केला. संध्याकाळी जेटीवर जायचं, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि लांब उभ्या असलेल्या होड्यांवरचे नंबर वाचायचे. मग दुसरा डोळा. एकदा मासे साफ करत बसलेल्या काकूंनी विचारलं, "गो, डोळ्यात काय गेला तुझ्या?"

"काय नाय," मी म्हटलं आणि हात खाली घेतला.

"मग अशी कित्या बघतंस? नवरो येता काय होडयेतसून?"

सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि घरी आले. फायरमन व्हायचंय म्हणून बघतेय, हे तेव्हा सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. माझं असंच होतं. शाळेत दहावीपर्यंत इंग्रजी, घरात मालवणी, कॉलेजात पुस्तकी मराठी. बोलायच्या आधी मी वाक्य मनात एकदा तपासून घेते, आणि तेवढ्यात बोलणं पुढे निघून गेलेलं असतं. त्याची मला सवय झाली होती. खरं सांगायचं तर ते सोयीचंही होतं.

आगीचं काम मला आवडलं तेही त्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या वाडीच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वणवा लागला. वाळकं गवत पेटत पेटत काजूच्या बागेपर्यंत आलं. सगळी वाडी वर धावली आणि सगळी वाडी ओरडत होती. कोण पाणी आण म्हणत होता, कोण पाण्याने काय होणार म्हणून त्याच्यावर खेकसत होता. मग शहरातून बंबाची गाडी आली. त्यातून चार माणसं उतरली आणि ती जवळजवळ बोललीच नाहीत. पाइप धरलेला माणूस मधूनच "डावीकडे" म्हणायचा, "थांब" म्हणायचा, आणि मागचे तेवढंच करायचे. तासाभरात काजू वाचले. ती माणसं आमच्या विहिरीवर तोंड धुऊन, चहा न घेता निघून गेली. मला वाटलं, हे काम मला जमेल. इथे फार बोलावं लागत नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"आग इजवूक जातलंस? गॅस पेटवतंस तेव्हा लायटर हातभर लांब धरतंस ता?"

बाबा ओटीवर जाळं शिवत होते. ते तांडेल आहेत, म्हणजे आमच्या होडीवर त्यांचा शब्द चालतो. घरात तेवढा चालत नाही. ते म्हणाले, "बघूया तरी. फॉर्म भर मगे." आई म्हणाली, "भरा, भरा. इंग्लिश शाळेत घातलास ता ह्याच्यासाठीच." विषय तिथेच राहिला, आणि फॉर्म मी भरायला घेतला.

फॉर्मसोबत डोळ्यांचा दाखला लागत होता. शनिवार शेवटचा दिवस होता. सोमवारी मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. बाकावर मोतीबिंदूवाले आजोबा-आजी ओळीने बसले होते, आणि मी एकटीच तरुण. शेजारच्या आजींनी मला विचारलं, "तुझो खंयचो डोळो?" मी म्हटलं दोन्ही. त्या फार वाईट वाटल्यासारख्या चुकचुकल्या.

आत डोळे तपासणारे गृहस्थ मध्यमवयीन होते, घाईत पण सभ्य. भिंतीवरचा तक्ता मी सरळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. होड्यांचे नंबर कामी आले होते. मला फार आनंद झाला. मग त्यांनी कपाटातून एक जाडसर पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. "दिसेल तो आकडा सांगायचा. फार वेळ लावायचा नाही."

पहिला दिसला, दुसरा दिसला. मी आकडा मनात एकदा तपासायची, मग सांगायची. ते घड्याळाकडे बघत होते असं मला वाटलं. काही पानांनंतर एक पान आलं, त्यावर मला काहीच दिसेना. हिरवट, तपकिरी, नारिंगी ठिपके, आणि आकडा नाही.

आमच्या शाळेत एक गोष्ट आम्हाला लहानपणापासून शिकवली होती. पेपरात रिकामी जागा सोडायची नाही. येत नसलं तरी काहीतरी लिहायचं, चुकलं तर गुण कापत नाहीत, लागलं तर लागलं. आमच्या बाई पेपर गोळा करताना पानं उलटून बघायच्या आणि रिकामी जागा दिसली की पेपर परत हातात द्यायच्या. मी आयुष्यात एकही जागा रिकामी सोडली नव्हती.

मी पानाकडे टक लावून बघितलं. बघता बघता ठिपक्यांची एक वळलेली रेघ मला सापडली. वर एक आडवी रेघही जोडता येत होती.

"पाच," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. पान उलटलं. पुढचंही तसंच होतं. त्यात मी दोन शोधला. त्याच्या पुढचं पान ते मला दाखवायच्या आधी जरा थांबले. तिथे मी पंचेचाळीस म्हटलं, आणि माझ्याच आवाजावरून मला कळलं की हे खरं नाही.

त्यांनी पुस्तक मिटलं. "आधी कधी रंगांचा काही त्रास? सिग्नल, कपडे, काही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि कागदावर लिहिलं: दृष्टी उत्तम, रंगदृष्टी शंकास्पद, पुढील तपासणीसाठी पाठवत आहे. खाली ती तीन पानं आणि त्यांवर मी सांगितलेले आकडेही लिहिले. मोठ्या रुग्णालयात गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टर असतात, तिकडे जा म्हणाले. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, की अहो, त्या पानांवर मला काही दिसत नव्हतं. वाक्य मनात तयारही होतं. पण पुढचे आजोबा आत आले होते आणि त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ धरली होती. मी उठले.

घरी आईने कागद उलटसुलट करून बघितला. "शंकास्पद म्हणजे?"

"रंग नीट दिसत नाहीत असं वाटतंय त्यांना."

"बरा झाला," ती पटकन म्हणाली. मग तिचं तिलाच कसंसं झालं असावं, कारण तिने माझ्या पानात न विचारता आणखी एक बांगड्याची तुकडी घातली.

त्या रात्री झोपण्यापूर्वी मी मोबाइलवर वाचत बसले, आणि तिथून खरा घोर सुरू झाला. तांबड्या-हिरव्याचा जन्मजात गोंधळ मुलींमध्ये फार क्वचित असतो. आणि मुलीला असला, तर तिच्या वडिलांनाही तो जवळजवळ नेहमीच असतो. मी ते तीन ठिकाणी वाचलं. तिन्हीकडे तेच.

म्हणजे मला असेल तर बाबांना असणार.

दुसऱ्या दिवसापासून मी बाबांवर पाळत ठेवली. त्यांना काही विचारायचं धाडस नव्हतं. तांडेल माणूस, आयुष्यभर समुद्रावर लाल-हिरवे दिवे बघून होडी हाकलेली. त्याला मी काय विचारणार, तुम्हाला लाल आणि हिरवं वेगळं दिसतं का? मी आठवून आठवून पुरावे गोळा केले. पाण्यात तरंगणाऱ्या नारिंगी बोयाला ते तांबडो म्हणतात. पण इथे सगळेच म्हणतात. गेल्या वर्षी होडीचा निळा पट्टा त्यांनी हिरवा करून आणला आणि दुकानात निळो नव्हतो म्हणाले. खरंच नव्हता? माझ्या चौथीतल्या वाढदिवसाला आणलेला फ्रॉक चॉकलेटी होता आणि त्यांनी तो लाल म्हणून दिला होता. जेवताना ते आमटीतली मिरची अचूक बाजूला काढत होते, पण मिरची आकारावरूनही कळते. बुधवारी रात्री मी ताटात त्यांच्यासमोर मुद्दाम एक पिकलेली लाल मिरची आणि एक हिरवी ठेवली. त्यांनी दोन्ही उचलून मागे सारल्या आणि म्हणाले, "तुझ्या आवशीचो राग माझ्यावर कित्या काढतंस?"

गुरुवारी ते स्वतःहून माझ्याबरोबर निघाले. समुद्रावर जायचा दिवस सोडून. "माका थंय एक काम आसा," म्हणाले. काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं. बस बदलायला कसालला उतरलो तेव्हा त्यांनी वडापाव घेतले, माझ्या हातात दिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नाय झाला तर दुसरा काय करतलंस?"

"माहीत नाही."

"बरा," ते म्हणाले. मग बस येईपर्यंत आम्ही वडापाव खाल्ले.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी सोमवारचा कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "मुलगी, आणि तांबडा-हिरवा? वडिलांना आहे का रंगांचा त्रास?"

"माहीत नाही."

"आलेत सोबत?"

बाबा बाहेर व्हरांड्यात वॉचमनशी पापलेटच्या भावावर बोलत होते. शिपाई त्यांना घेऊन आला. दारात त्यांनी चपला काढल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असू द्या हो, असू द्या," पण चपला बाहेरच राहिल्या. सरकारी ठिकाणी बाबा पुस्तकी मराठी बोलतात, आणि ती बोलताना सरळ ताठ बसतात.

"मला काय झालेलं नाही, मॅडम. मुलीचं बघा."

"मुलीचंच बघतेय. तुम्ही फक्त आकडे सांगा."

आता जे होईल ते माझ्यामुळे होणार होतं. त्यांना आकडे दिसले नाहीत, तर माझा फॉर्म तर जाईलच, पण त्याहून वाईट म्हणजे ते इथे, एका परक्या बाईसमोर, माझ्यासमोर, काहीतरी हरवून घरी जातील. मी दाराकडे बघत बसले.

"बारा," बाबा म्हणाले. "आठ. सहा. एकोणतीस." जाळ्यातले मासे मोजावेत तसे ते भराभर सांगत होते. त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही. मग एक पान आलं आणि ते थांबले. मला ते पान ओळखू आलं. मी ज्यावर पाच म्हटलं होतं तसलंच.

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पानाकडे.

"हंयसर काय नाय," ते म्हणाले. पुस्तकी मराठी त्यांच्या हातून सुटली होती. "पान रिकामा आसा, मॅडम."

"नीट बघा."

"बघलंय. काय नाय."

डॉक्टरबाईंनी आणखी दोन पानं दाखवली. "ह्येच्यातय नाय," बाबा म्हणाले. "तुमच्या पुस्तकात छपाई चुकली काय?"

त्या हसल्या आणि पुस्तक मिटून माझ्याकडे वळल्या. "वडिलांचे डोळे झकास आहेत. म्हणजे तुझ्यात हे यायचं कारण नाही. आता मला सांग, त्या पानावर तू पाच म्हणालीस. पाच दिसला, की शोधलास?"

मी मनात वाक्य तपासत होते. त्या थांबल्या. त्यांनी घाई केली नाही, आणि त्यामुळे मला पळवाट उरली नाही.

"शोधला," मी म्हटलं.

"कशाला?"

"रिकामं सोडायचं नसतं ना."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगं, त्या पानावर आकडा आहे, पण तो फक्त ज्यांना रंगांचा त्रास आहे त्यांनाच दिसतो. आपल्याला काही दिसत नाही, तेच बरोबर उत्तर. तू ओढूनताणून नेमकं त्यांच्यासारखं सांगितलंस." मग बाबांकडे बघून म्हणाल्या, "फार हुशार मुलगी आहे तुमची."

"होय तर," बाबा म्हणाले. "इंग्लिश शाळेत होती."

पण त्या तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. वडिलांचं ऐकून तू आता 'काही नाही' म्हणशील, त्याला मी दाखला देऊ शकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांना बाहेर बसवलं. कपाटातून दुसरं पुस्तक आणलं, खिडकीशी उजेडात मला बसवलं, आणि पानं क्रमाने न दाखवता मधूनच कुठलंही उघडायला लागल्या. "मी तीनपर्यंत मोजेन. तेवढ्यात सांगायचं. नाही दिसलं तर नाही म्हणायचं. शोधायचं नाही."

चौऱ्याहत्तर. तीन. मग एक पान, काहीच नाही. मला माहीत होतं की काही नसणं बरोबर असू शकतं, तरी जिभेवर ते येईना. आतून कुणीतरी म्हणत होतं, नीट बघ, असेल, आळस करू नकोस. त्यांनी मोजलं, एक, दोन.

"नाही दिसत," मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. पान उलटलं. पुढे सात दिसला. मग पुन्हा एक पान, त्यात एक फिकट वळण दिसल्यासारखं झालं. ते शोधलेलं की दिसलेलं? दोनावर मी म्हटलं, "पंधरा." ते दिसलेलं होतं. मला फरक कळायला लागला होता. दिसलेला आकडा आपण न बोलावता येतो. शोधलेल्याला आपण ओढून आणावं लागतं. आठ-दहा पानं झाल्यावर मी तपासायचं विसरले आणि नुसती सांगत गेले. शेवटी त्यांनी एका डबीतून रंगीत काचा काढून त्यामागचे बारीक दिवे दाखवले. लाल, हिरवा, पांढरा, पुन्हा लाल. ते सोपं होतं.

दाखल्यावर त्यांनी लिहिलं: दृष्टी चष्म्याविना निर्दोष, रंगदृष्टी सामान्य. सही केली, शिक्का मारला, आणि म्हणाल्या, "धुरात आत गेलीस आणि बाहेरच्यांनी विचारलं काय दिसतंय, तर असलं पाच-पंचेचाळीस सांगू नकोस हं. लोक त्याच्या भरवशावर आत येतील."

मी होकाराची मान हलवली. कमी बोलावं लागतं म्हणून हे काम मला आवडलं होतं. बंबाच्या गाडीतले ते चारजण का इतके कमी बोलत होते, याचा मी कधी विचार केला नव्हता.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाबांनी दाखला दोनदा वाचला, घडी घातली, मग घडी उघडून पुन्हा सरळ केला कारण घडी पडायला नको होती. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मोबाइलवर वाचलेलं, निळा पट्टा, चॉकलेटी फ्रॉक, ताटातल्या मिरच्या.

ते इतके हसले की पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. "म्हणान त्या मिरच्यो! आणि तो फ्रॉक लालच होतो गो. तुझ्या आवशीन गरम पाण्यात घातलो."

मग जरा वेळाने, हळू आवाजात: "पण खरा सांगू? त्या पानार काय दिसला नाय तेव्हा माका घाम फुटलो. माका वाटला, आता मी नाय म्हटलंय तर तुझो फॉर्म जातलो. तुका पाच दिसलेलो, त्या कागदार वाचलंय मी. मी पण पाच म्हणूक होया होता, असा वाटला."

"मग का नाही म्हणालात?"

त्यांना प्रश्नच कळला नाही, असं मला वाटलं. "होडी आत घेताना पुढे टोकार एक माणूस उभो रवता, पाण्याखालचा खडप बघूक. तो काय नाय म्हणालो, की मी इंजिन वाढवतंय. तेणां माका बरा वाटाचा म्हणान कायतरी सांगल्यान तर सगळे बुडतलव. नाय तर नाय." ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "पण मन झाला होता. आवशीक सांगू नको."

सांगितलं नाही. आईला दाखला दाखवला तेव्हा तिने तो देवापुढे ठेवला आणि मला म्हणाली, "आता लायटर तरी नीट धर." एवढंच. पण शनिवारी सकाळी माझ्या बॅगेत भाकरीचा डबा होता, आणि तो मी मागितला नव्हता.

फॉर्म घेणाऱ्या खिडकीत एक वयस्कर क्लार्क होते. ते एकेक कागद बोटाने पुढे सरकवत होते. दाखल्यापाशी थांबले, वाचला, बाजूला ठेवला. माझ्या मागे सगळे मुलगेच होते, आणि त्यातला एक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. क्लार्कनी फॉर्मवर एका जागी पेनचं टोक ठेवलं.

"हे रिकामं आहे. रक्तगट."

"माहीत नाही मला," मी म्हटलं. ताबडतोब, आणि मागच्या मुलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "कुठे तपासून मिळेल?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बरं झालं विचारलंत. बाकीचे काहीही ठोकून देतात." मग रांगेकडे बघत आवाज चढवून म्हणाले, "सगळ्यांनी तपासून आणायचा, ऐकलं का? अंदाजाने लिहायचा नाही." मागच्या मुलाने आपला फॉर्म हळूच खाली घेतला.

त्यांनी समोरच्या गल्लीतली लॅब सांगितली आणि माझे कागद एका बाजूला ठेवून दिले, दुपारपर्यंत. लॅबमध्ये टोचलं, अर्धा तास बसले, चिठ्ठी आणली. रकाना भरला. त्यांनी शिक्का मारून मैदानी चाचणीची पावती हातात दिली आणि म्हणाले, "धावायचं बघा आता. डोळ्यांचं झालं."

पावती मी घडी न घालता बॅगेत ठेवली. बाहेर तो मघाचा मुलगा पायऱ्यांवर उभा होता. त्याने विचारलं, "ताई, ती लॅब कुठे आहे?"

मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन दाखवली.